अस्सल गोळी आणि डॉक्टरची चिठ्ठी



आयोजकांचा फोन आला तेव्हा आम्ही म्हणालो, अहो, आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, औषधांच्या व्यसनावर काय बोलणार? ते म्हणाले, इतिहास सांगा. तेव्हा आज इतिहासच सांगतो. मधूनमधून जुनी खोड डोकं वर काढेल, तेवढी चालवून घ्या. या विषयाशी आमचा घरचाही संबंध आहे, तो ओघात येईलच.

२०२५ च्या जानेवारीत याच आपल्या वाशीत, सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात, नवी मुंबई पोलिसांच्या 'नशामुक्त नवी मुंबई' अभियानाची सुरुवात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाली. अभिनेते जॉन अब्राहम अभियानाचे सदिच्छादूत झाले. चांगलं काम आहे, त्याची थट्टा करायला आम्ही इथे उभे नाही. शहराच्या एका अंगाला न्हावा-शेवा बंदर, अंगावरून जाणारे महामार्ग, ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोज्याला रसायनांचे आणि औषधांचे कारखाने. पोलिसांना हे काम असणारच.

पण 'नशा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? पुलाखाली पुडी विकणारा कुणीतरी. आज बोलायचंय ते त्याच्याविषयी नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून येणाऱ्या गोळीविषयी बोलायचंय. पाकिटावर बॅच नंबर आहे, मुदत आहे, कारखान्याचा परवाना क्रमांक आहे. दुकानही परवान्याचं. सगळं अस्सल. आणि माणूस मात्र बुडतोय. या अस्सलपणामुळेच आपल्या संस्थांची कशी पंचाईत झाली, तो आमचा आजचा मुद्दा.

सुरुवात शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईपासून करू, कारण नवी मुंबई वसली ती मुंबईच्या पोटातूनच. गिरणगावात तेव्हा 'बाळगोळी' नावाची चीज होती. अफूची बारीक गोळी. आई दहा-दहा तास साच्यावर उभी. खोलीत तान्हं मूल. ते रडू नये, झोपून राहावं, म्हणून सकाळी गोळी द्यायची आणि कामावर जायचं. १९२२ च्या सुमारास गिरणीकामगार स्त्रियांची सरकारी पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी नोंदवलं की अशा बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते. अठ्ठ्याण्णव! म्हणजे हा काही वाईट आयांचा अपवाद नव्हता, तो रिवाज होता. अफूही चोरीची नव्हती. १८७८ च्या अफू कायद्याखाली सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायची. सरकारला महसूल, गिरणीला मजूर, आईला पगार. मुलाचं काय झालं हे विचारण्याचं काम कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

हा प्रसंग मुद्दाम आधी सांगितला. औषधाचं व्यसन 'मजा' म्हणून घरात येतं, ही समजूत यात टिकत नाही. ते कामाच्या तासांतून येतं, झोपेतून येतं, दुखण्यातून येतं.

आता कायदा. १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिच्यापुढचा प्रश्न असा, की बाजारात भेसळीची आणि निकस औषधं बोकाळली आहेत, क्विनाईनसुद्धा धड मिळत नाही, काय करावं? १९३१ मध्ये अहवाल आला, त्यातून १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा आले. लक्षात घ्या, या कायद्याचा जन्म खोट्या औषधाच्या भीतीतून झाला. पुढे १९८६ साली जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची लक्तरं काढली, तेव्हाही प्रश्न तोच होता: औषध शुद्ध आहे का? हा प्रश्न महत्त्वाचाच. पण शुद्ध औषध जिथे घात करतं तिथे तो मुकाच राहतो.

दुसरा कायदा १९८५ चा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्या काळात मुंबई-पुण्यात गर्दने, म्हणजे ब्राऊन शुगरने, थैमान घातलं होतं. अनिल अवचट त्यावर लिहीत होते, १९८६ मध्ये त्यांनी आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. या कायद्याची नजर तस्करावर. त्याचा प्रश्न: माल बेकायदा आहे का? म्हणजे एका खात्याने खोटा माल शोधायचा, दुसऱ्याने चोरटा. खरा आणि सरळ विकला गेलेला माल दोघांच्याही चिमटीतून निसटतो.

मँड्रॅक्सची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. मेथाक्वालोन हे रसायन प्रथम बनलं ते आपल्याच देशात, १९५१ साली, इंद्रकिशोर कक्कड आणि सय्यद हुसेन झहीर यांच्या हातून. हेतू औषध शोधण्याचा. साठच्या दशकात विलायतेत ते मँड्रॅक्स या नावाने झोपेची गोळी म्हणून विकलं गेलं, मग नशेची गोळी झालं, आणि जगभर बंद होत गेल्यावर मुंबई हे ते दक्षिण आफ्रिकेला चोरून पाठवण्याचं मोठं ठाणं बनलं. औषध तेच, फक्त त्याच्याभोवतीची माणसं बदलली.

इथे खोड डोकं वर काढते. ग्रीक भाषेत 'फार्माकॉन' हा शब्द औषधालाही आहे आणि विषालाही; प्लेटोने 'फीड्रस' या संवादात तो लेखनकलेसाठी वापरलाय. लिहून ठेवलं की स्मरण वाढेल असं सांगणारा म्हणतो हे औषध आहे, राजा म्हणतो यानेच माणसं विसरभोळी होतील. आपल्याकडे चरकानेही सांगून ठेवलंय की नीट योजलं तर जहाल विषाचं औषध होतं आणि वाईट योजलं तर औषधाचं विष. गुण पदार्थात नाही, योजनेत आहे. आता ही 'योजना' कायद्यात कुठे बसवायची? तर ती बसवली डॉक्टरच्या चिठ्ठीत. सारा डोलारा त्या एका कागदावर.

औषधनियमांना एक जोडपत्र आहे, शेड्यूल एच. त्यातलं औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. कागदावर उत्तम. पण १९६० मध्ये लिब्रियम, १९६३ मध्ये व्हॅलियम आलं, आणि १९६९ मध्ये आपल्याकडे त्याच व्हॅलियमचं, म्हणजे डायझेपामचं, देशी रूप काम्पोज नावाने आलं. आमच्या पिढीत 'काम्पोज घेऊन झोप' हे वाक्य मराठी म्हणीसारखं झालं. चिठ्ठी कुणाकडे होती? मावशी आत्याला देत असे, आत्या शेजारणीला.

नंतर खोकल्याचं औषध. शंभर मिलिलिटरच्या बाटलीत दोनशे मिलिग्रॅम कोडीन, म्हणजे अफूचंच एक अंग. एनडीपीएस कायद्याखालच्या अधिसूचनेत कोडीनला एक सवलत आहे: प्रचलित औषध असेल, एका मात्रेत शंभर मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसेल आणि द्रवात अडीच टक्क्यांच्या आत असेल तर ते त्या कडक कायद्याच्या बाहेर. सवलत रुग्णाच्या सोयीसाठी होती. पण माणूस चमचा घेतो की बाटली, हे टक्केवारी सांगत नाही. १० मार्च २०१६ ला केंद्राने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात कोडीनची काही मिश्रणं होती. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण तज्ज्ञांकडे पाठवलं, आणि जून २०२३ मध्ये चौदा मिश्रणांवर पुन्हा बंदी आली, त्यात कोडीन-क्लोरफेनिरामिनचं सिरप आहे. सात वर्षं. तोवर पिणारे गोळ्यांवर आले होते. मालेगाव, छत्रपती संभाजीनगर या भागांत अल्प्राझोलामला 'कुत्ता गोळी' म्हणतात, नायट्राझेपामला 'बटण'. एक दार लावलं की दुसरं उघडतं. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये एनडीपीएसखाली आणलं. २०२५ मध्ये बातमी आली ती टॅपेंटाडॉलची. मुंबईतली एक कंपनी त्याचं स्नायू सैल करणाऱ्या दुसऱ्या औषधाशी मिश्रण करून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती, तिथली तरुण पोरं त्यावर झिंगत होती, आणि मग केंद्राला त्याचं उत्पादन आणि निर्यात थांबवावी लागली.

आकडा एकच सांगतो. दिल्लीच्या एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबाने १० ते ७५ वयाचे एक कोटीहून अधिक लोक झोपेची-शांततेची औषधं वैद्यकीय कारणाशिवाय घेत होते. वयाची वरची मर्यादा पाहिलीत ना? पंच्याहत्तर. शाळेच्या फाटकावरच्या फलकात ही माणसं मावत नाहीत.

चिठ्ठी खरी करायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. आपल्या राज्यात मोठा प्रयत्न महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना झाला, २०११ ते २०१४. मागणी साधी होती: दुकानात फार्मासिस्ट स्वतः हजर हवा, चिठ्ठीशिवाय औषध नको, बिल द्या. तोवर बऱ्याच ठिकाणी फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं आणि तो स्वतः गावाला. प्रमाणपत्र महिन्याच्या भाड्याने. परवाने निलंबित झाले, औषधविक्रेत्यांनी बंद पुकारले. विक्रेत्यांचंही एक म्हणणं होतं, ते आम्हाला उडवून लावता येत नाही: डॉक्टर चिठ्ठी नीट लिहीत नाहीत, गरीब माणूस दर वेळी डॉक्टरची फी कुठून देणार? खरंय. चिठ्ठी ही फुकट नसते. तरी त्या दोन-तीन वर्षांत राज्यातल्या सामान्य माणसाला प्रथमच कळलं की काउंटरपलीकडचा माणूस निव्वळ दुकानदार नसतो.

१ मार्च २०१४ पासून देशभर शेड्यूल एच-१ लागू झालं. नवी प्रतिजैविकं, क्षयाची काही औषधं आणि अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रॅमाडॉल, कोडीन अशी सवय लावणारी औषधं. पाकिटावर लाल चौकटीत इशारा, आणि दुकानात वेगळी वही: डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. वही तीन वर्षं जपायची. २०२१ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोग आणि अमली पदार्थ नियंत्रण विभागाने संयुक्त आराखडा केला, त्यानंतर बऱ्याच जिल्हाधिकाऱ्यांनी औषधदुकानांत सीसीटीव्ही लावायचे आदेश काढले. कॅमेरा लावायला हरकत नाही. पण कॅमेरा पाहतो, विचारत नाही.

आता घरचं. आमची बायपास झाली तेव्हा रात्री झोप येईना. डॉक्टरांनी अल्प्राझोलाम दिलं, पाव मिलिग्रॅम, दहा दिवसांसाठी. चिठ्ठीवर 'दहा दिवस' असं स्वच्छ लिहिलेलं. आम्ही ती सहा वर्षं घेतली. शेवटी शेवटी एक मिलिग्रॅम. जवळच्या दुकानात गेलं की मालक हसून पाकीट काढायचे, "सर, तुम्हाला कसली चिठ्ठी मागायची? तुम्ही प्राध्यापक माणूस!" आम्हाला तो मान वाटायचा. कपाटात चार-पाच पाकिटं साठवून ठेवायचो, संपली तर काय या धास्तीने. ज्ञानेश्वरीवर प्रवचन करणारा माणूस रविवारी दुकान बंद असतं म्हणून शनिवारी घाबरा व्हायचा. पत्नीला कळत होतं, पण औषधच तर घेताहेत, असं तिला वाटायचं. मुलाने व्यसन हा शब्द वापरला तेव्हा आम्ही त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही.

मग एकदा काउंटरवर नवीन मुलगी होती. फार्मसी नुकतीच पास झालेली असावी. आम्ही सवयीने नाव सांगितलं. ती म्हणाली, "काका, चिठ्ठी?" घरी जाऊन आणली. तिने ती उलटसुलट पाहिली आणि हळूच म्हणाली, "काका, ही तर सहा वर्षांपूर्वीची आहे. आणि दहा दिवसांची आहे. तुम्ही अजून का घेता?" दुकानात चार लोक उभे होते. आम्ही चिडलो, मालकांकडे तक्रार करू म्हणालो, तरातरा बाहेर आलो. त्या रात्री गोळी घेतली नाही, हट्टाने. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम, छातीत धडधड. हृदयच गेलं असं वाटून रुग्णालयात धावलो. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ही औषधं एकदम तोडायची नसतात, झटकेसुद्धा येऊ शकतात. कृपा करून ही एक गोष्ट इथून घरी न्या: कुणी अशी गोळी बरेच दिवस घेत असेल तर आजच्या आज बंद करू नका, डॉक्टरच्या देखरेखीखाली उतरवा. आमची उतरायला पाच महिने लागले. गोळीचे अर्धे, मग पाव तुकडे करायचे, ते काम पत्नीकडे होतं. ती तुकडा मोजून हातावर ठेवायची आणि बाकीचं कुलपात.

सहा वर्षांत आम्हाला निदान तीन डॉक्टरांनी तपासलं, दुकानात शंभर खेपा झाल्या असतील. 'का घेता?' हा प्रश्न एकदाच आला. चोप्रा समिती, एनडीपीएस, एच-१ ची वही, यांपैकी कुणीच तो विचारला नव्हता. आमच्याकडचा माल शुद्ध होता आणि आम्ही तस्कर नव्हतो.

तेव्हा या शहराला काही सुचवायचं झालं तर आमचं म्हणणं फार लहान आहे. अभियान शाळा-कॉलेजांत नेता, तसं ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकीत न्या, रात्रपाळी असलेल्या ऐरोली-महाप्यातल्या कचेऱ्यांत न्या, एपीएमसीतल्या माथाडींकडे न्या, जिथे दुखणं आणि जागरण हे रोजचं आहे. आणि फार्मासिस्टांना तिथे श्रोता म्हणून बसवू नका, बोलायला बोलवा. त्यांनी नकार दिला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, हे त्यांचं रडगाणं खरं आहे. ते पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने एकत्र बसून ऐकायला हवं. आज एक खातं शहरात आयुक्तालय घेऊन बसलंय आणि दुसऱ्याचे निरीक्षक मोजके. ही तफावत भाषणाने भरत नाही.

ती मुलगी पुढे त्या दुकानात राहिली नाही. बरं वाटल्यावर पेढे घेऊन गेलो होतो, तर मालक म्हणाले, गेली सोडून, गिऱ्हाइकांशी फार वाद घालायची. नाव विचारलं, तर त्यांना आडनाव आठवेना. पेढे त्यांनाच देऊन आलो.

बरं, आता आपले प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतला आवाज आम्हाला ऐकू येत नाही, तेव्हा जरा मोठ्याने.