काडतुसात दारू कमी भरली, तर धोका कमी होतो की वाढतो?

दारू कमी म्हणजे स्फोट कमी, असं कुणालाही वाटेल. बंदुकीच्या बाबतीत मात्र हा हिशोब उलटा पडतो.

नवी मुंबईजवळ पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत ऑलिम्पिकपटू सुमा शिरूर यांच्या तालमीत नेमबाज घडतात. सुरुवात होते एअर रायफलने. तिथे छर्रा हवेच्या दाबाने सुटतो, दारूचा संबंधच नाही. पुढे काडतुसाची बंदूक हातात आली की दारूचं माप महत्त्वाचं ठरतं.

काडतुसात असतं काय?

पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा प्रायमरवर आदळतो, ठिणगी पडते, दारू जळते आणि तयार झालेला वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. 9 मिलिमीटरच्या काडतुसात ही दारू अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी असते. काही देशांत नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. तिथे इतकं छोटं माप हुकायला वेळ लागत नाही.

मग गोळी अडकते

दारू कमी पडली किंवा भरायचीच राहिली, तर गोळी नळीत मध्येच थांबते. याला 'स्क्विब' म्हणतात. नेहमीच्या धमाक्याऐवजी 'फट्' असा दबका आवाज येतो, धक्काही हलका लागतो. खरा धोका पुढच्या बारात असतो. मागून आलेली गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते, तिथला दाब एकदम वाढतो आणि नळी फुगते किंवा फुटते. ती नेमबाजाच्या हातात आणि चेहऱ्याजवळ असते.

अमेरिकेत 31 मार्च 1993 रोजी 'द क्रो' सिनेमाच्या सेटवर ब्रूस ली यांचा मुलगा ब्रँडन ली याचा मृत्यू असाच झाला. दाखवायच्या काडतुसातली दारू काढली होती, पण प्रायमर तसाच राहिला. त्याच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकली. नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमधून बिनगोळीचं काडतूस उडवलं आणि अडकलेली गोळी त्याला लागली. तो 28 वर्षांचा होता.

रायफलचा वेगळा धोका

मोठ्या पुंगळीत सावकाश जळणारी दारू फारच कमी भरली, तर कधीकधी दाब अचानक भडकून रायफल फुटते. याचं नेमकं कारण काय, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. म्हणूनच भरणीच्या तक्त्यांत कमाल मापासोबत किमान मापही दिलेलं असतं.

आवाज वेगळा आला तर?

लगेच थांबा. दुसरा बार काढू नका. नळी लक्ष्याच्या दिशेनेच ठेवा आणि किमान 30 सेकंद थांबा, कारण बार उशिराही उडू शकतो. मग प्रशिक्षकाला बोलवा. बंदूक रिकामी करून नळी तपासल्याशिवाय पुन्हा वापरू नका.

भारतात कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा, 1959 नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान 7 वर्षं ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यामुळे एखादं रील बघून घरी प्रयोग करायच्या भानगडीत पडू नका.