लिब्रा तासाभराच्या अंतरावर

बुधवार, 9 ऑक्टोबर 2013
युरोपीय आयोगाचे अध्यक्ष बारोझो आणि इटलीचे पंतप्रधान एन्रिको लेत्ता लाम्पेदूसा बेटावर शवपेट्यांच्या रांगांसमोर उभे आहेत. सहा दिवसांपूर्वी याच बेटालगत एक बोट पेटून उलटली आणि 368 माणसं गेली, बहुतेक इरिट्रियाची. इटलीने राष्ट्रीय दुखवटा पाळला. पुन्हा असं घडू देणार नाही, असं पुढारी आळीपाळीने सांगत आहेत.

गुरुवार, 10 ऑक्टोबर, रात्र
लिबियातल्या झुवाराहून मच्छीमारीची एक बोट निघते. चारशेहून अधिक माणसं तिच्यात कोंबलेली, बहुतेक सीरियाच्या युद्धातून बायकापोरांसह सुटलेली. त्यांत डॉक्टरही बरेच. काही तासांतच एक सशस्त्र बोट पाठलाग करून त्यांच्यावर गोळ्या झाडते. बोटीला भोकं पडतात.

शुक्रवार, 11 ऑक्टोबर, दुपारी 12.26
रोमच्या सागरी बचाव केंद्रात फोन वाजतो. अलेप्पोचा एक डॉक्टर सॅटेलाइट फोनवरून बोलतोय: पाणी आत येतंय, मुलं आहेत, आम्ही इथे आहोत. अक्षांश-रेखांश तो नीट सांगतो. सकाळी 11 पासूनच फोन लावत होतो, असं वाचलेल्यांनी पुढे सांगितलं.

12.39
पुन्हा तोच आवाज, तीच माहिती.

1.00
रोम हे प्रकरण माल्टाकडे सोपवतं. पाच मिनिटांत माल्टा ते स्वीकारतंही. बोट माल्टाच्या शोध-बचाव क्षेत्रात आहे, त्यामुळे कागदोपत्री बोट ठेवायला जागा नाही. मात्र तिथून लाम्पेदूसा 113 किलोमीटरवर आहे आणि माल्टा 218. डॉक्टरला सांगितलं जातं, माल्टाला फोन करा, हा नंबर घ्या. फोनमधले पैसे संपत आलेले असताना तो माल्टाला लावतो, तर तिथे उत्तर मिळतं की तुम्ही लाम्पेदूसाला जवळ आहात.

अपघातात पडलेल्या माणसाशेजारी उभं राहून दोन पोलीस ठाण्यांनी हद्दीचा वाद घालावा, तसंच हे. पण इथे हद्दीमागे हिशेब होता, आणि तो पक्का होता. माल्टा चिमुकला देश, त्याच्याकडे समुद्राचं क्षेत्र मात्र अवाढव्य. ज्याच्या क्षेत्रात सुटका होईल त्यानेच माणसांना उतरवून घेण्याची जबाबदारी उचलावी, ही 2004 मधली दुरुस्ती माल्टाने मान्यच केलेली नव्हती. जवळच्या सुरक्षित बंदरात न्या, हे त्याचं म्हणणं. इटलीचं म्हणणं नेमकं उलटं. शिवाय डब्लिन नियमानुसार आश्रयाचा अर्ज साधारणपणे ज्या देशात पहिलं पाऊल पडलं तिथेच. थोडक्यात, जो हात देईल त्याच्याच गळ्यात. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन या फोनवर कुठेच नव्हते, तरी त्यांच्या सोयीचा नियम दोन्ही टोकांना बसलेला होता. फोनवरची माणसं क्रूर होती, असं मला वाटत नाही. क्रूर माणसाने निदान फोन आपटला असता. यांनी नंबर दिला.

दुपार, तीन-चारचा सुमार
माल्टा बोटीवरच्या लोकांना धीर देतं, गस्ती नौका निघाली आहे. बोटीवरचे लोक क्षितिज पाहत बसतात.

इटलीच्या नौदलाचं 'लिब्रा' हे जहाज, हेलिकॉप्टरसकट, साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. ते निघत नाही. का, ते 2017 मध्ये 'लेस्प्रेसो' साप्ताहिकाने ध्वनिमुद्रणं बाहेर काढली तेव्हा ऐकू आलं. लिब्राने माल्टाच्या नौकांच्या वाटेत येऊ नये, असं अधिकारी आपसात बोलत होते. इटलीचं जहाज दिसलं तर माल्टावाले माघारी फिरतील, ही धास्ती.

4.22
माल्टाच लिब्राची मागणी करतं. रोममध्ये पुन्हा विचारविनिमय.

5.07
माल्टा रोमला कळवतं: बोट उलटली.

5.50 च्या पुढे
माल्टाची गस्ती नौका पोहोचते. मग लिब्राही येतं. 268 माणसं बुडाली, त्यांत 60 मुलं. बहुतेकांचे देह कधीच सापडले नाहीत. वाचलेल्यांपैकी काहींना माल्टाला नेलं, काहींना इटलीत. कोण जिवंत आहे याचा शोध आईबाप परक्या देशातून घेत राहिले.

त्यानंतर
आठवडाभरात, 18 ऑक्टोबरला, इटलीने 'मारे नोस्त्रुम' ही बचाव मोहीम सुरू केली आणि वर्षभरात सुमारे दीड लाख माणसं समुद्रातून काढली. महिन्याला 90 लाख युरोंच्या आसपास खर्च होता. इतरांनी तो वाटून घेतला नाही. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश सरकारने संसदेत सांगितलं की अशा बचाव मोहिमांना आपला पाठिंबा नाही, त्यामुळे आणखी लोक यायला धजावतात. मोहीम त्याच महिनाअखेर गुंडाळली गेली.

जानेवारी 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने इटलीला दोषी धरलं: जहाज वेळेत पाठवलं असतं तर बोट बुडण्याच्या निदान दोन तास आधी मदत पोहोचली असती. माल्टाविरुद्धची तक्रार फेटाळली गेली, कारण तक्रारदार आधी माल्टाच्या कोर्टात गेले नव्हते. डिसेंबर 2022 मध्ये रोमच्या न्यायालयात नौदल आणि तटरक्षक दलाच्या एकेका अधिकाऱ्यावरचा खटला निकाली निघाला. कारवाईची मुदत उलटून गेली होती.