रिपोर्ट नॉर्मल, दुखणे कायम

रक्त तपासून झाले, सोनोग्राफी झाली, एमआरआयही झाला. सगळे अहवाल ‘नॉर्मल’ आले. घरच्यांना हायसे वाटले, डॉक्टरांनी धीर दिला; पण रोज संध्याकाळी येणारी कणकण, पायांना येणाऱ्या मुंग्या किंवा जिना चढताना गळून जाणारे हातपाय मात्र होते तिथेच आहेत. आजाराला नाव असले की घरात पथ्य सांभाळले जाते, कचेरीत रजा मिळते, शेजारीपाजारी विचारपूस करतात. नाव नसलेल्या दुखण्याच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. काही महिन्यांतच ‘कामाचा कंटाळा’, ‘मनाचे खेळ’ अशी कुजबुज सुरू होते, आणि रुग्ण स्त्री असेल तर ती जरा लवकरच सुरू होते.

वैद्यकशास्त्राला ही अवस्था अपरिचित नाही. १९६१ मध्ये रॉबर्ट पीटर्सडॉर्फ आणि पॉल बीसन या अमेरिकी डॉक्टरांनी कारण न सापडलेल्या तापाच्या १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला, वारंवार १०१ अंश फॅरनहाइटच्या वर जाणारा आणि रुग्णालयात आठवडाभर तपासण्या करूनही न उलगडलेला ताप, अशी त्याची व्याख्या त्यांनी केली. अशा तापामागे पुष्कळदा दुर्मिळ आजार नसतो, तर परिचित आजाराचेच अपरिचित रूप असते, हे तेव्हापासून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. आपल्याकडे या यादीत क्षयरोग अग्रभागी आहे. तो फुप्फुसांबाहेर, म्हणजे लसिका ग्रंथींत, पोटात किंवा मणक्यात दडलेला असेल तर खोकला नसतो आणि छातीचा एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो.

‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ इथे नीट समजून घ्यायला हवा. तपासणी तिला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, तेही त्या दिवसापुरते. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या विकारात स्नायू वापराने थकतात. सकाळी टवटवीत दिसणाऱ्या रुग्णाची पापणी संध्याकाळी खाली येते, बोलता बोलता आवाज अनुनासिक होतो. सकाळच्या ओपीडीत डॉक्टरांना यातले काही दिसेलच असे नाही. तिन्हीसांजेला मोबाइलवर काढलेले छायाचित्र अशा वेळी महागड्या स्कॅनहून अधिक बोलते. अॅक्यूट पॉर्फिरिया या आनुवंशिक विकारात पोटात असह्य कळा येतात, पण सोनोग्राफीत काही आढळत नाही. शस्त्रक्रियेने पोट उघडूनही हाती काही न लागल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत आहेत. त्याची लघवीची तपासणी झटका चालू असतानाच करावी लागते आणि नमुना उजेडापासून जपावा लागतो. झटका ओसरल्यावर तपासले तर उत्तर निसटू शकते.

कधी रुग्णच नकळत पुरावा पुसून टाकतो. लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा पंडुरोग, जुलाब, थकवा यांमागे गव्हातील ग्लूटेन न सोसण्याचा सीलिअॅक विकार असू शकतो. कुणीतरी सुचवले म्हणून पोळी आधीच बंद केली, तर रक्तातील प्रतिपिंडे घटतात आणि चाचणी ‘नाही’ म्हणते. म्हणून गहू सोडायचा तो तपासणी झाल्यावर. काटेकोर शाकाहारी माणसांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते. तिथे नुसते फॉलिक आम्ल घेतल्याने रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते.

याहून घातक प्रकार म्हणजे अंदाजपंचे दिलेले स्टेरॉइड. ताप उतरतो, सांधे मोकळे होतात, भूक लागते. रुग्ण खूश, डॉक्टरही खूश. मात्र आतला क्षय बळावू शकतो आणि लिम्फोमासारख्या कर्करोगाच्या खुणा पुसट होऊन बायोप्सीतही चकवा मिळू शकतो. क्विनोलोन गटातील प्रतिजैविके क्षयजंतूंना तात्पुरती दबवतात व निदान लांबवतात. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर काही दिवस औषध न देता पाहणे हाही उपचाराचाच भाग असतो. तो आपल्याकडे फारसा कुणाला रुचत नाही, ही गोष्ट वेगळी.

‘सगळे मानसिक आहे’ हे वाक्यही इतके स्वस्त करू नये. नैराश्य, चिंता किंवा चेतासंस्थेचे कार्यात्मक विकार यांना स्वतःच्या खुणा असतात आणि त्या तपासून, दाखवून निदान करायचे असते; अहवाल कोरे आले म्हणून उरलेल्या जागी ते भरायचे नसते. पण डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढताच अपमान वाटून उठून जाणेही शहाणपणाचे नाही. दीर्घ दुखण्याने झोप आणि मन दोन्ही पोखरतात, आणि त्यांवर उपचार घेत असताना मूळ शोध चालू ठेवता येतो.

एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे जाताना अनेकांची ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी गत होते. सर्व धागे एकाच्या हाती हवेत. जुने कुटुंबवैद्य किंवा एखादे जनरल फिजिशियन त्यासाठी उत्तम. त्यांच्याकडे जाताना पिशवीभर कागदांऐवजी एका पानाचा गोषवारा न्यावा: पहिले लक्षण कधी दिसले, ते कशाने वाढते, कोणती औषधे केव्हा घेतली, काढे व भस्मेसुद्धा. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाने मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्याव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. बायोप्सीच्या काचा व मेणाचा ठोकळाही दुसऱ्या प्रयोगशाळेच्या मतासाठी मागता येतो. वजन आपोआप घटणे, रात्री कपडे भिजवणारा घाम, वाढती गाठ, शौचातून रक्त, एका अंगाची शक्ती जाणे, धाप लागणे, यांपैकी काही नव्याने उद्भवले तर मात्र अंगावर काढू नये. आधीचा अहवाल नॉर्मल होता हे अशा वेळी कारण ठरत नाही.

नाव नसण्याची किंमत पैशातही मोजावी लागते. केवळ तपासण्यांसाठी रुग्णालयात राहिल्यास तो खर्च न देण्याची अट विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या प्रमाणित अपवादांत आहे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणानुसार नियुक्त केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते; मुंबईचे केईएम रुग्णालय हे असे एक केंद्र. पण ती यादीतील आजारांसाठी, म्हणजे निदान आधी हवे. रजेच्या बाबतीत तेवढी अडचण नाही. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अनिदानित लक्षणांसाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यामुळे ‘दीर्घकालीन ताप, तपास सुरू’ एवढे प्रमाणपत्र डॉक्टर प्रामाणिकपणे देऊ शकतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८ मध्ये विल्यम गाल यांच्या नेतृत्वाखाली केवळ अशाच रुग्णांसाठी उपक्रम सुरू केला. तिथे आलेल्या सर्वांना उत्तर मिळाले नाही. जनुकीय तपासणीत मात्र एक सोय असते: आज अर्थ न लागलेली माहिती काही वर्षांनी, नवी जनुके ओळखली गेल्यावर, पुन्हा तपासता येते. तेव्हा एक्झोम तपासणी केलेल्यांनी छापील अहवालाबरोबर मूळ डेटाही प्रयोगशाळेकडून मागून घ्यावा आणि वर्षा-दोन वर्षांनी फेरतपासणीबद्दल विचारावे.