तीन कातणाऱ्या बायका

आमच्या कासेलमधल्या शेजाऱ्यांची मुलगी कला शिकते. परवा जिन्यात भेटली, तर हातात कापडाचे तुकडे! ग्रिम बंधूंच्या परीकथेवर मोठं भरतकाम करणार म्हणाली. मला वाटलं, हिमगौरी असेल. तिने निवडली होती 'तीन कातणाऱ्या'.

गोष्ट अशी. कातायचा कंटाळा असलेल्या मुलीला राणी सांगते, तीन खोल्या भरलेलं जवस कातून दे, मग राजपुत्राशी लग्न लावते. (आपण ज्याची चटणी करतो तेच जवस, त्याच्या खोडातल्या तंतूंचं लिनन होतं.) तीन कुरूप बायका ते काम करून देतात. अट एकच, लग्नाला नातेवाईक म्हणून बोलवायचं. मांडवात नवरदेव विचारतो, पाय असा फताडा का? चरख्याचं पायटं मारून. ओठ का लोंबतो? धागा ओला करून. अंगठा एवढा रुंद? धागा पिळून! घाबरून तो बायकोला कातायचीच बंदी करतो.

ग्रिम बंधू याच कासेलात राहत होते. त्यांच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत या गोष्टीचं जुनं रूप होतं आणि त्याच्या नावातच जवस कातण्याला शिव्या होत्या. १८१९ साली आताची गोष्ट आली. म्हणजे ही नुसती परीकथा नव्हे, कष्टकरी बायकांची तक्रार आहे. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांत असते तशीच.

मुलगी राजकन्या भरणारच नाहीये. फक्त पाय, ओठ आणि अंगठा.

मंडळी, आजीची गोधडी पांघराल तेव्हा तिचा अंगठा जरूर आठवा.