गाड्याबरोबर नळ्याची यात्रा : इंजिनाची काळजी, तिच्यावरचे विनोद आणि इतिहासाचं साधन

गाडीची अति काळजी घेणारा माणूस आपल्याकडे प्रत्येक गावात एक तरी असतो, आणि त्याच्यावरचे विनोदही ठरलेले असतात. स्वतःची शुगर वर्षभर तपासत नाही, पण गाडीचं ऑइल रोज सकाळी पट्टी काढून बघतो. नवीन गाडी घेतली तर पहिले हजार किलोमीटर इतकी हळू चालवतो की रस्त्यावरची म्हैस हॉर्न मारून पुढं निघून जाते. मे महिन्यात, परभणीचा पारा चाळिशीच्या वर असताना, "इंजिन गरम होऊ द्या आधी" म्हणून पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवतो. घरच्यांचं उत्तरही ठरलेलंच : "आम्हाला कधी इतकं जपलं का?"

सिनॉप्सिसच्या तयारीत असलेल्या मित्रांसाठी ही पोस्ट आहे. प्रश्न असा : हे विनोद इतिहासाचं साधन होऊ शकतात का? माझं उत्तर 'हो' आहे, पण एका अटीवर. विनोद वाचताना "हसू का येतं?" एवढंच विचारून थांबायचं नाही. "ही काळजी शहाणपणाची कधी होती?" हेही विचारायचं. विनोदाला तारीख चिकटते ती या दुसऱ्या प्रश्नामुळं.

सुरुवात बैलगाडीपासून

'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण आपण सगळे वापरतो. मोठ्याबरोबर लहानाचंही फावलं, असा तिचा अर्थ. पण हा नळा म्हणजे नेमकं काय, असं वर्गात विचारून बघा. बरेच जण गप्प बसतील. नळा म्हणजे बैलगाडीला टांगलेलं वंगणाचं नळकांडं. चाकाच्या आसाला वंगण नसेल तर आस झिजणार, चाक करकरणार, बैल दमणार. म्हणून गाडी जत्रेला निघाली की नळाही निघाला, फुकटात देवदर्शन!

म्हणजे वाहनाची झीज आणि तिच्यावरची थट्टा या दोन्ही गोष्टी आपल्या भाषेत मोटारीच्या कितीतरी आधीपासून आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी आठवा. जू वाहून सोललेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची. 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स' हा शब्द कार्यशाळेत आला त्याच्या फार आधी हे काम गोठ्यात चालू होतं.

पिंगळी : एका गावातले चार काळ

आता उदाहरणादाखल एकच गाव घेऊ : परभणी जिल्ह्यातलं पिंगळी. (शोधताना जपून. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातही पिंगळी आहे, आणि चित्रकथीसाठी प्रसिद्ध असलेलं कुडाळजवळचं पिंगुळी वेगळंच. जिल्हा आणि तालुका न लिहिता नोंद काढलीत तर पुढं सगळी टिपणं एकमेकांत मिसळतील.)

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे छोटं स्टेशन आहे. हैदराबाद ते मनमाड हा मीटरगेज मार्ग निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास सुरू झाला. म्हणजे या टापूत इंजिन पहिल्यांदा आलं ते वाफेचं, आणि त्याची काळजी करणारा माणूस गावातला नव्हता. पूर्णेला इंजिनांचं शेड होतं. पाण्यातल्या क्षारांचा थर बॉयलरमध्ये साचतो, म्हणून ठरावीक मुदतीनं बॉयलर धुवायचा, तपासायचा आणि नोंद करायची. चिंता होती, पण ती रजिस्टरात होती आणि तिचा पगार मिळत होता. गावकऱ्याच्या दृष्टीनं इंजिन बिघडणं म्हणजे गाडी लेट, इतकंच.

रस्त्यावरही तसंच. निजामाच्या रेल्वेनं जून १९३२ मध्ये २७ बस घेऊन स्वतःचा रस्ता-वाहतूक विभाग काढला. सरकारी मालकीच्या बससेवेचं हे देशातलं फार सुरुवातीचं उदाहरण. इथंही डेपो, मिस्त्री, नोंदवही. झीज ही संस्थेची डोकेदुखी होती.

तिसऱ्या काळात काळजी घरात शिरली. विहिरीवर डिझेल इंजिन आलं (किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही पुण्याची कंपनी १९४६ ची), मग ट्रॅक्टर, मग स्कूटर. ऐन पेरणीत किंवा पाण्याच्या पाळीला इंजिन जाम झालं तर विचारणार कुणाला? मिस्त्री परभणीला, सुटा भाग त्याहून लांब. चौथा काळ आजचा : कर्जावरची चारचाकी, ठरलेली सर्व्हिसिंग आणि मोबाइलवर येणारी आठवण.

हे चार काळ एकापाठोपाठ एक संपत नाहीत, एकमेकांवर साचतात. आजोबांनी नळा सांभाळला, वडिलांनी विहिरीवरचं इंजिन, आणि नातवाकडं नवी गाडी आहे. काळजीची सवय मात्र तिघांची मिळून एकच.

तीन सवयी, तीन तारखा

आता वर सांगितलेले विनोद पुन्हा बघू. प्रत्येकामागं एक तांत्रिक कारण होतं.

पहिली सवय : नवी गाडी हळू चालवणं. जुन्या पद्धतीनं घडवलेल्या सिलिंडरच्या भिंतीवर बारीक उंचवटे राहायचे. पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासून 'बसायला' वेळ लागायचा. घाई केली तर ओरखडे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट निघत होत्या त्या काळात ही सूचना अगदी रास्त होती. पुढं यंत्रकाम आणि भिंतीची घासाई सुधारली. आजही सुरुवातीला जपून चालवा असं पुस्तिकेत असतं, पण त्याचा अर्थ म्हशीच्या मागं राहा असा नाही.

दुसरी सवय : जागेवर गरम करणं. कार्ब्युरेटर आणि चोक असलेलं इंजिन थंडीत खरोखर अडखळायचं. स्कूटरवाले तर आधी स्कूटर एका बाजूला कलंडवायचे आणि मग किक मारायचे. हा विधी पाहिलेली पिढी अजून हयात आहे. भारतात मोटारींमध्ये २००० च्या आसपास इंधन इंजेक्शनचा प्रसार झाला आणि जागेवर उभं राहून करायच्या या कामाचं कारण बरंचसं गेलं. परभणीची डिसेंबरातली थंडी सोडून देऊ, पण मे महिन्यात ही सवय निव्वळ परंपरा म्हणून उरली.

तिसरी सवय मला सगळ्यात बोलकी वाटते : "ऑइल काळं झालं, बदला!" पूर्वीच्या साध्या खनिज तेलात मळ धरून ठेवणारी रसायनं नसत. काजळी तळाशी बसायची, गाळ व्हायचा. नंतरच्या तेलांत मळ सोडवणारी आणि तो तरंगत ठेवणारी रसायनं आली. त्यामुळं तेल काळं दिसतं, कारण ते आपलं काम करत असतं. डिझेल गाडीत तर नवं तेल थोड्याच दिवसांत काळं होतं. खूण तीच राहिली, पण तिचा अर्थ बदलला. साधनचिकित्सेचा याहून सोपा धडा मला माहीत नाही. १९५५ चा 'काळं तेल' हा शब्द आणि २०१५ चा 'काळं तेल' हा शब्द एकाच अर्थानं वाचला तर निष्कर्ष चुकणारच.

हसण्याआधी धूळ बघा

इथपर्यंत वाचून वाटेल की काळजी करणारा माणूस मागं राहिला आणि जग पुढं गेलं. संशोधनात हा निष्कर्ष फार मोहक असतो, म्हणूनच तपासायचा.

गाडीसोबत मिळणारी पुस्तिका उघडा. सर्व्हिसिंगच्या तक्त्याखाली बहुधा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की धुळीचा प्रदेश, कडक ऊन, जड ओझं किंवा सतत छोट्या फेऱ्या असतील तर तेल आणि फिल्टर लवकर बदला. आता हे वर्णन पिंगळीच्या उन्हाळ्याशी लावून बघा. काळी माती वाळली की रस्त्याच्या कडेला पिठासारखी धूळ. शेतातून घरी, घरून शेतात, मध्येच परभणी. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या दिवसांत गाडीत माणसं कमी आणि पोती जास्त. धुळीतले कण फिल्टरमधून सुटले की सिलिंडरमध्ये सॅंडपेपरचं काम करतात. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरखाली तेलाची वाटी असायची; ती काढली की तळाशी अख्ख्या शिवाराचा गाळ सापडायचा.

म्हणजे ऑइल लवकर बदलणाऱ्या त्या 'अति काळजी'वाल्याचं कारण चुकीचं असेल, पण निर्णय बरोबर असू शकतो. तेल काळं झालं म्हणून त्यानं बदललं; बदलायला हवं होतं ते धुळीमुळं.

आणि हसणारा कोण, हेही बघायला हवं. ज्याच्याकडं दुसरी गाडी आहे, ज्याचा पगार एक तारखेला होतो, त्याला इंजिनाचं काम निघणं म्हणजे एक खर्च. ज्याची एकच जीप आहे आणि तिच्यावरच हप्ता फिटतो, त्याला इंजिन बसणं म्हणजे हप्ता चुकणं, मग दंड, मग कधी गाडीच ओढून नेली जाणं. रोज पट्टी काढून तेल बघायला दोन मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. बिघाडाची किंमत पेलवत नसेल तेव्हा माणूस जे फुकट करता येतं ते रोज करतो.

रेल्वेच्या शेडमधली काळजी रजिस्टरात गेली, म्हणून तिला आपण 'देखभाल' म्हणतो. घरातली काळजी तोंडीच राहिली, म्हणून तिचा विनोद झाला. आपल्या विषयात हा फरक सतत भेटणार आहे : कागदावर आलेली सावधगिरी म्हणजे शास्त्र, आणि न आलेली म्हणजे खूळ.

तुम्ही काय करू शकता?

लघुप्रबंधाला पुरेल असा विषय हवा असेल तर हा घ्या. लागणारी साधनं अशी :

१. जुन्या वाहनांच्या मराठी-इंग्रजी पुस्तिका. रद्दीवाल्याकडं आणि गॅरेजच्या फळीवर मिळतात. आवृत्तीचं साल आधी बघा.

२. नियतकालिकांतल्या जाहिराती. 'किर्लोस्कर' मासिकाची सुरुवात १९२० मध्ये कारखान्याचं खबरपत्र म्हणून झाली होती. यंत्र आणि मराठी वाचक यांची गाठ कशी पडली हे बघायला तिथून सुरुवात करा.

३. मुलाखती. मिस्त्री, ट्रॅक्टरमालक, निवृत्त ड्रायव्हर. "तुम्ही इतकी काळजी का करता?" असं विचारू नका, समोरचा लगेच सावरून बसतो. "शेवटचं इंजिन कधी बसलं होतं, आणि त्या महिन्यात घर कसं चाललं?" असं विचारा. मग वही बाजूला ठेवून ऐका.

आणि मुलाखत देणाऱ्यानं स्वतःवरच विनोद केला तर तोही जसाच्या तसा लिहून घ्या, तारखेसह.