‘अमर ज्योती’ (१९३६) : समुद्री साहसपटातील खजिना, प्रेमस्पर्धा आणि मातेचा हक्क

प्रस्तावना :
चिंचपोकळी, लालबाग, परळ हा पट्टा गिरणगाव म्हणून ओळखला जातो. चित्रपटनिर्मितीच्या इतिहासातही त्याला महत्त्वाचे स्थान आहे. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी या जहाजबांधणी कारागिराच्या वाडिया घराण्याची परळ येथील ‘लवजी कॅसल’ ही वास्तू १९३३ नंतर जे. बी. एच. वाडिया यांच्या वाडिया मूव्हीटोनचे चित्रपटगृह नव्हे, तर निर्मितीस्थान बनली. नादियाच्या ‘हंटरवाली’मुळे (१९३५) ही संस्था साहसपटांसाठी प्रसिद्धीस आली. १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी याच जागेवर ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. त्यापूर्वी सहा वर्षे, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत असताना, त्यांनी ‘अमर ज्योती’ हा हिंदी समुद्री साहसपट दिग्दर्शित केला होता. या चित्रपटाने साहसपटाच्या रूढ चौकटीत कोणता बदल घडविला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रूढ चौकट आणि तिची उलटापालट :
हॉलिवूडच्या ‘द ब्लॅक पायरेट’ (१९२६) व ‘कॅप्टन ब्लड’ (१९३५) या चित्रपटांत चाचा हा पुरुष नायक असतो. खजिना आणि स्त्री ही त्याच्या पराक्रमाची फळे ठरतात. ‘कॅप्टन ब्लड’मध्ये तर अराबेलावरून दोन चाचे तलवारी उपसतात.

‘अमर ज्योती’त चाच्यांची प्रमुखच स्त्री आहे. दुर्गा खोटे यांनी साकारलेल्या सौदामिनीला तिच्या मुलाचा ताबा नाकारला जातो. पत्नीला पतीची दासी मानणाऱ्या राज्यव्यवस्थेविरुद्ध ती समुद्रावर बंड पुकारते. राजनौकेवर हल्ला करून ती न्यायमंत्री दुर्जय (चंद्रमोहन) याला कैद करते. लुटीतील खजिन्याच्या पेटीतून मात्र राजकन्या नंदिनी (शांता आपटे) बाहेर येते. दुर्जय नंदिनीवर अनुरक्त होतो; नंदिनीचे मन सुधीर (नांद्रेकर) या मेंढपाळ तरुणाकडे वळते. हा सुधीरच सौदामिनीचा हरवलेला पुत्र होय. त्यामुळे खजिना आणि प्रेमस्पर्धा हे दोन्ही ठरीव घटक अखेरीस मातेच्या हक्काच्या मूळ प्रश्नाकडेच येऊन मिळतात.

चाचा कोणास म्हणावे? :
कोकण किनाऱ्याच्या इतिहासात हा प्रश्न नवा नाही. ‘दस्तक’ न घेणाऱ्या जहाजांवर कारवाई करणाऱ्या सरखेल कान्होजी आंग्रे यांना (मृत्यू १७२९) इंग्रजांनी चाचे ठरविले. मराठी इतिहासलेखनाने त्यांच्याकडे सागरी सार्वभौमत्वाचे रक्षक म्हणून पाहिले. चित्रपटातील राज्य काल्पनिक आहे व आंग्र्यांचा त्यात संबंध नाही. तरीही ‘चाचा’ ही संज्ञा कायदा कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे.

कायद्याचा संदर्भ :
काल्पनिक राज्यातील हा अन्याय तत्कालीन प्रेक्षकांच्या जीवनापासून दूर नव्हता. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार पिता हयात व पात्र असेल, तर न्यायालय सामान्यतः अन्य पालक नेमू शकत नसे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानेही पित्यास प्रथम व ‘त्याच्यानंतर’ मातेस नैसर्गिक पालक मानले. पाच वर्षांखालील बालकाचा ताबा मात्र सामान्यतः मातेकडे ठेवला. गीता हरिहरन खटल्यात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ या शब्दाचा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूपुरता मर्यादित न ठेवता ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा लावला. सौदामिनीच्या प्रश्नाला मिळालेले हे अंशतः उत्तर चित्रपटानंतर ६३ वर्षांनी आले.

निष्कर्ष :
‘अमर ज्योती’ वेनिस चित्रपट महोत्सवातही दाखविला गेला. मात्र त्याचे महत्त्व तेवढ्यापुरते नाही. साहसपट म्हणजे केवळ करमणूक, या समजामुळे अशा कृती सामाजिक इतिहासाच्या अभ्यासातून सहसा वगळल्या जातात. ‘कुंकू’ किंवा ‘माणूस’ यांच्याइतक्याच गांभीर्याने ‘अमर ज्योती’चा विचार झाल्यास, १९३० च्या दशकातील स्त्रीच्या कायदेशीर स्थानावरील चर्चा लोकप्रिय माध्यमात कोणत्या वेशात वावरत होती, हे अधिक स्पष्ट होईल.