दाराबाहेरची माणसे

ह्या देशाचे काही व्हायचे नाही, असे म्हणण्याची खोड मलाही आहे. ती उफाळली की मी पंचवटीत काळारामाच्या दरवाजाशी जाऊन उभा राहतो.

२ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह सुरू झाला. दारे लागली, सत्याग्रही बाहेर बसले. रामनवमीला रथ ओढण्यावरून दगड पडले. माझे आजोबा तेव्हा दाराच्या आतल्या बाजूस होते. हे लिहिताना संकोच वाटतो.

बाबासाहेब गोलमेज परिषदेला विलायतेस गेले आणि येथला भार भाऊराव (पुढचे दादासाहेब) गायकवाडांनी वाहिला. तुरुंग झाला, मारहाण झाली, दार काही उघडले नाही. अखेर मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनीच त्यांना लिहिले, की आता ही शक्ती शिक्षणाकडे व राजकारणाकडे वळवावी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला तर त्यांनी धर्मांतराचीच घोषणा केली.

ह्याला कोणी पराभव म्हणेल. पण ही माणसे हात चोळीत घरी बसली नाहीत, एवढे मला दिसते. १९४७ साली मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, तोवर त्यांचे मागणे पार पुढे गेले होते. १९६४ साली, वयाच्या बासष्टीत, दादासाहेब भूमिहीनांच्या जमिनीसाठी देशभर सत्याग्रह उभारीत होते!

परवाही गेलो होतो. शेजारी एक शाळकरी पोर चपला काढून सरळ आत शिरले. त्याला कोणी नाव विचारले नाही. मलाही नाही, पण मला कधीच विचारले नव्हते.